सेन्याच्या नावापुढची फुली

हुबळी,
१२ जानेवारी १९८२

चि. वत्सलास,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी खुशाली तू दोन ओळींत कळवतेस, तेवढी कळली. कारखान्यात नकाशे काढायला शाई लागते म्हणून पोरगी पत्रात वाचवते, असं परवा आमचे हे, तुझे अप्पा, म्हणाले. मी त्याला हो म्हटलं नाही.

एक बातमी आहे. सप्तापूरच्या सुशीलाबाईंनी मला एक रशियन कादंबरी वाचायला दिली आहे. तीन भाग, एकेक उशीएवढा. एक परत केला की दुसरा मिळणार. नवा अनुवाद आहे, काही न गाळता केलेला. हीच गोष्ट कलघटगीला तुझी आई आणि मी मुली असताना वाचली होती. पण ते दीडशे पानांचं रूपांतर होतं, आणि त्यात सगळे रशियन लोक भाकरी-पिठलं खायचे. या नव्यात काळा पाव खातात आणि नाकावर बर्फ जमतो. मला हे आवडलं. परक्याच्या घरी गेल्यासारखं वाटतं, पण बसा म्हणतात.

नावांनी मात्र जीव खाल्ला. एकाच मुलाला आई सेन्या म्हणते, बाप सेम्यॉन म्हणतो, आणि पाहुणे त्यात बापाचं नाव जोडून हाक मारतात. पन्नास पानं मी ही तीन मुलं समजून वाचली! तू इंग्रजीतून वाचली आहेस ना? मग कोण कुणाचं कोण, याची एक यादी करून पाठव.

श्रीकांतचं काहीच नाही. जूनमध्ये त्याला घर सोडून तीन वर्षं होतील. टपालवाला हल्ली आमच्या दारावरून खाली मान घालून जातो. त्या दिवशी दुकानात यांनी गिऱ्हाइकांदेखत पोराच्या थोबाडीत मारली नसती तर, असं रोज एकदा मनात येतं. बोलून दाखवत नाही.

जेवत जा नीट.

तुझी,
मावशी

बंगळूर,
१९ जानेवारी १९८२

ती. सौ. मावशीस,
वत्सलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. यादीने तुझं काम होणार नाही. कादंबरीत नाव असलेली त्रेचाळीस माणसं आहेत आणि त्यांतली अकरा दोन घराण्यांत मोडतात. त्याला नकाशाच हवा. मी ट्रेसिंग पेपरवर काढते आणि ऑफिसात त्याची प्रत घेते. कामाच्या वेळेनंतर करायचं म्हणजे दोन आठवडे लागतील. तोवर अंदाजाने नाती जोडू नकोस, नंतर मोडायला त्रास होतो.

अप्पांना सांग, शाई नाही, शब्द वाचवते.

श्रीकांतबद्दल लिहिलंस. त्यावर मला लिहिण्यासारखं काही नाही.

माया आहे तशी असू दे.

तुझी,
वत्सला

हुबळी,
५ फेब्रुवारी १९८२

चि. वत्सलास,
अनेक आशीर्वाद, आणि नकाशाची वाट पाहणं चालू.

पहिला भाग संपला. सेन्या बापाशी भांडून लढाईवर निघून गेला. आई फाटकाशी उभी राहते, पण हाक मारत नाही, कारण नवरा खिडकीतून बघतोय. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि विनाकारण तांदूळ निवडत बसले.

आता एक सांगते, हसू नकोस. पुढचं मला ठाऊक आहे. जुन्या पुस्तकात शेवटच्या पानावर सेन्या घरी येतो. बूट फाटलेले, दाढी वाढलेली. आई त्याला आधी ओळखत नाही, मग गरम कढी वाढते. ते अर्धं पान तुझी आई तीन तीनदा वाचायला लावायची. या नव्यात सगळंच सविस्तर आहे, म्हणजे त्याचं घरी येणं चांगलं प्रकरणभर तरी असेल. मी त्यासाठीच वाचते आहे. सेन्या दारात येईल त्याच्या आत माझा श्रीकांत येईल, असं मी धरून चालले आहे. रोज दहाच पानं वाचते. पोराला पोचायला वेळ मिळावा म्हणून.

यांना हे सांगितलं तर म्हणाले, होगली बिडू, जाऊ दे, पुस्तकातल्या माणसांना काय खरं मानायचं. पण काल स्वतःच विचारलं, कुठपर्यंत आला तो तुमचा रशियन.

तू पाच वर्षं या घरात राहून शिकलीस, म्हणून तुला लिहिलं. दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

आठवण काढणारी,
मावशी

बंगळूर,
८ फेब्रुवारी १९८२

ती. सौ. मावशीस,
सा. नमस्कार.

तुझं पाच तारखेचं पत्र आज सकाळी मिळालं. नकाशा मी शनिवारी, सहा तारखेलाच, जाड पाकिटात घालून टाकला होता. तो उद्या किंवा परवा तुझ्या हातात पडेल. म्हणून आज अकरा वाजता पोस्टात जाऊन तार केली: वत्सलाचं पाकीट फोडू नये. तार पाकिटाच्या आधी पोचेल असा हिशेब आहे.

कारण आत्ता विचारू नकोस. आमच्याकडे कुठलाही नकाशा बाहेर जाताना त्यातल्या प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती लिहावी लागते: चालू, बदललेला, बाद. मी सवयीने तसंच केलं. नकाशा वाचणाऱ्या माणसाला काय कळायला हवं आणि काय नको, याचा विचार केला नाही. चूक माझी आहे. पाकीट कपाटात ठेव. होळीला येईन तेव्हा मी ते घेईन आणि दुसरा नकाशा देईन.

आपली,
वत्सला

हुबळी,
१३ फेब्रुवारी १९८२

चि. वत्सलास,
आशीर्वाद.

तार सोमवारी दोन वाजता दुकानात पोचली. अप्पांनी सही केली, पण उघडली नाही. गिऱ्हाईक आत असतानाच दुकानाची फळी लावली आणि लॅमिंग्टन रोडवरून घरापर्यंत ते ती हातात धरून चालत आले. या वयात, त्या उन्हात, डोक्यावर टोपी नाही. घरी येऊन तार देवापुढे ठेवली आणि मला म्हणाले, तू उघड. मी म्हटलं, तुम्ही उघडा. शेजारच्या सोनाबाई मीठ मागायला आल्या होत्या. त्यांनी तार पाहिली आणि गळाच काढला. माझ्या पोराचं नाव घेऊन! त्या रडतात म्हणून हे खाली बसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. श्री, असं. लहानपणी म्हणायचे तसं.

शेवटी समोरच्या मास्तरांना बोलावून वाचून घेतली. पाकीट फोडू नये. हे आधी हसले. मग जे झालं ते लिहीत नाही.

वत्सला, या घरात तार येणं म्हणजे काय, हे तुझ्या ध्यानात आलं नाही का ग? साधं कार्ड टाकलं असतंस.

बुधवारी पाकीट आलं आणि मी फोडलं. एवढं झाल्यावर कोण ठेवणार तसंच? नकाशा फार सुंदर आहे. रेघा बघून यांनीही वाहवा केली. सेन्याच्या नावापुढे बारीक गोलात फुली आहे आणि शेजारी भाग तीन, प्रकरण एकोणतीस. मला वाटलं, तुझं चुकलं असेल. बसने सप्तापूरला गेले. सुशीलाबाईंकडून तिसरा भाग मागून घेतला आणि उभ्यानेच ते प्रकरण काढलं. तुझं चुकलेलं नाही. तुझं कधी चुकत नाही.

म्हणजे आम्हाला त्या जुन्या रूपांतरकाराने फसवलं. कढी त्याच्या घरची. पण खरं सांगू, मला त्याचा राग येत नाही. आम्ही लहान मुली होतो, त्याला वाटलं असेल कशाला रडवायचं.

त्या प्रकरणात सेन्याचा सोबती आईकडे येतो. सेन्याचा पट्टा टेबलावर ठेवतो, कुठे पडला, कसा पडला, सगळं सांगतो. ती बाई ऐकते आणि त्याला जेवायला वाढते. ते वाचताना मला तिचा हेवा वाटला. पाप आहे, पण वाटला. तिला कळलं तरी.

पुस्तकं परत केली. पुढे वाचणार नाही.

मावशी

बंगळूर,
२२ फेब्रुवारी १९८२

ती. सौ. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्रातलं "तिला कळलं तरी" हे वाक्य मी चार वेळा वाचलं. त्यानंतर हे लिहिणं टाळता येत नाही.

गेल्या वर्षी १५ मार्चला, रविवारी, श्रीकांत माझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी आला होता. पत्ता त्याने माझ्या ऑफिसातून मिळवला होता. तो इथल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत होता. तब्येत ठीक होती. आपण भेटलो हे हुबळीला कळवायचं नाही, असा त्याने माझ्याकडून शब्द घेतला. काही तरी बनल्यावर मी स्वतःच जाईन, असं म्हणाला. मी शब्द दिला आणि तो पाळला. एकदा बोललं की फिरायचं नाही, याचा मला आजवर थोडा अभिमानच होता.

तुझी पत्रं येत होती. श्रीकांतचं काहीच नाही, असं तू प्रत्येकात लिहीत होतीस. मी ते वाचून पत्र घडी करून ठेवत होते. पुस्तकातल्या मुलाची बातमी मात्र प्रकरणाच्या आकड्यासह तुला पाठवली.

काल त्याने सांगितलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर जाऊन आले. मालक म्हणाले, श्रीकांत गणपतीनंतर काम सोडून गेला. मुंबईकडे की गोव्याकडे, त्यांना ठाऊक नाही. बरोबरचे दोघेही गेले. म्हणजे मार्च ते सप्टेंबर, सहा महिने तो एका ठिकाणी होता आणि ते ठिकाण मला माहीत होतं. तेव्हा मी लिहिलं असतं तर अप्पा दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उभे राहिले असते.

क्षमा मागत नाही. मागण्यासारखं हे नाही.

वत्सला

हुबळी,
३ मार्च १९८२

चि. वत्सला,

हे चौथं पत्र. आधीची तीन लिहून फाडली, त्यांत वाईट शब्द होते. पाच वर्षं एका ताटातलं तुम्हा दोघांना वाढलं, आणि माझ्यापेक्षा तुला त्याचा शब्द मोठा वाटला. राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल.

यांना दोन दिवसांनी सांगितलं. तुला बोल लावू नको म्हणाले. बोल लावायचा तर सुरुवात माझ्यापासून कर, म्हणाले. आता दुकान दुपारी बंद ठेवून पोस्टात बसतात आणि गोव्यातल्या, मुंबईतल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहितात.

पण एक. तू सगळं लिहिलंस, तारीख, वार, कारखाना. तब्येत ठीक म्हणजे काय? वाळला होता का? अंगात कुठला सदरा होता? पायात काय होतं? तू त्याला काय खायला घातलंस? काय बोलला, किती वेळ थांबला? नकाशा नको काढूस. नुसतं लिही.

मावशी

बंगळूर,
८ मार्च १९८२

ती. सौ. मावशीस,
नमस्कार.

विचारलंस ते आठवेल तेवढं लिहिते. वाळला होता. गालाची हाडं दिसत होती. केस आखूड कापलेले. पायात रबरी चपला होत्या, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. सदऱ्याचा रंग आठवत नाही. मी रोज मिलिमीटरचा फरक ओळखते आणि मला तो रंग आठवत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. लेथवर असं होतं, म्हणाला.

खायला काही घातलं नाही. पुरुषांना फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही असा नियम आहे. मेसमध्ये त्या वेळी नाश्ता चालू होता. बशी बाहेर नेऊ का, एवढं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. उन्हात उभे राहून बोललो. वीस-पंचवीस मिनिटं.

अप्पांची चौकशी त्याने केली नाही. दुकानाची केली. पितळेच्या भांड्यांची गिऱ्हाइकं कमी झाली का, स्टील ठेवतात का, असं. माझ्या नोकरीबद्दल विचारलं. मी पगार, हुद्दा सांगितला. मग तो जायला निघाला. चार पावलं गेला आणि परत आला. आई माझ्यावर रागावली आहे का, असं विचारलं.

तू वाट पाहतेस हे मला माहीत होतं. प्रत्येक पत्रात होतं. पण तू रागावली आहेस की नाही, हे तू कधी लिहिलं नव्हतंस. म्हणून मी म्हटलं, तसं तिने काही कळवलेलं नाही.

बरं, म्हणाला, आणि गेला.

वत्सला