ताईचा दुसरा बाप्तिस्मा

कन्हान
५ नोव्हेंबर २०२४

चि. सुमंत यास ताराताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू ओरडतोस, मग मीही ओरडते आणि शेजारच्या प्रेमिलाबाई भिंतीला कान लावतात. म्हणून पत्र. कागदावर ओरडता येत नाही.

बातमी अशी, की चोवीस तारखेच्या रविवारी मी कन्हान नदीत बाप्तिस्मा घेणार आहे. पूर्ण पाण्यात बुडून. तू म्हणशील, तुझा एकदा झालाय. झालाय, पण तेव्हा मी दोन महिन्यांची होते. पाळकसाहेबांनी कपाळाला पाणी लावलं आणि मी त्यांच्या झग्यावर दूध ओकले, एवढंच आई सांगायची. आमच्या नव्या चर्चचे पास्टर अंकुश म्हणतात, आपल्या समजुतीने घेतला तोच खरा.

तुझे भाऊजी गेल्यावर घर खायला उठायचं. या मंडळीत ढोल आहे, कीबोर्ड आहे, आणि माझा कोणता गुडघा दुखतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा लेक बंटी दुबईत अशाच मंडळीत जातो. एका बाजूला फिलिपिन्सचा माणूस, दुसऱ्या बाजूला नायजेरियाचा. गाण्याची चाल तीच, शब्द ज्याचे त्याचे.

अडचण एकच. मला पाण्याची भीती. पास्टर अंकुश अंगाने उदबत्तीसारखे, आणि मी कशी आहे ते लिहीत नाही. तू पाण्यात माझ्याजवळ उभा राहशील का?

वंदनाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

*

प्रतापनगर, नागपूर
९ नोव्हेंबर

ती. ताईस सुमंतचा ख्रिस्तात सलाम.

वि. वि. तुझं पत्र वाचता वाचता चहा थंड झाला. वंदनाने गरम करून दिला, तोही झाला.

ताई, लग्नाच्या हॉलमध्ये उपासना? मागे तुला घ्यायला आलो तेव्हा स्टेजवर नवरानवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या आणि मागे थर्माकोलमध्ये ‘धर्मेंद्र वेड्स भूमिका’. त्या दोन खुर्च्यांच्या मधे उभा राहून तुझा पास्टर हालेलुया करून राहिला होता. हे सगळं परदेशी खूळ आहे. एक वारं कोरियातून येतं, दुसरं ब्राझीलमधून, आणि आपली माणसं उडतात. आपल्या चर्चमध्ये रविवारी बावीस डोकी असतात, मान्य. त्यातली काही झोपतात, पण शांतपणे झोपतात.

आता गंभीर गोष्ट. मी चर्च कमिटीचा सेक्रेटरी आहे. नियम तुला ठाऊक आहे. दुसरा बाप्तिस्मा घेणाऱ्याचं सभासदत्व जातं, आणि सभासद नसलेल्याला आपल्या कबरस्थानात जागा मिळत नाही. भाऊजींच्या शेजारची जागा तू राखून ठेवली आहेस. ती जाईल, आणि तसं कळवणाऱ्या कागदावर सही माझी असेल. नीट विचार कर.

पाण्यात उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही.

रागावलीस तरी भाऊ म्हणून ठेव.

तुझा
सुमंत

*

कन्हान
१३ नोव्हेंबर

चि. सुमंतास आशीर्वाद.

परदेशी म्हणालास आणि मला आपली आजी आठवली. ती लहानपणी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात होती ना? एकोणीसशे पाच साली तिथल्या मुली रडून, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, देहभान विसरल्या. आजी त्यांतली. म्हातारपणीही ती पहाटे अशी प्रार्थना करायची की रेल्वे क्वार्टरमधली कुत्री भुंकायची. बाबा आपल्याला सांगायचे, आजीला पित्ताचा त्रास आहे. तू अजून ते खरं धरून आहेस.

त्या केडगावची हकीकत छापून दूर चिली देशात गेली, तिथे लोकांनी वाचली आणि तिथेही सुरू झालं. चोवीस तारखेला तिथलेच एक पास्टर येणार आहेत, ओस्वाल्दो नावाचे. केडगाव बघायला म्हणून भारतात आलेत, तिथून आमच्याकडे. आता सांग, कोणाचं वारं कोणाकडे गेलं?

जागेचं वाचून मात्र झोप उडाली. तुझे भाऊजी जन्मभर माझ्या डाव्या बाजूला घोरले. ती बाजू सुटेल याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. तरी मी घेणार. तुला सही करायची असेल तर कर, फक्त अक्षर नीट काढ.

पण पाण्यात ये. लहानपणी याच नदीच्या डोहातून तू मला वेणी धरून ओढलंस, आणि ते घरातल्या प्रत्येक लग्नात सांगत आलास. मग आता एकदा हात धरायला काय जातं?

वाट बघणारी
ताई

*

प्रतापनगर
१८ नोव्हेंबर

ती. ताईस सलाम.

उत्तर नाही असंच आहे. कमिटीचा सेक्रेटरी अशा ठिकाणी पाण्यात दिसला तर काय होईल?

तरी सूचना लिहितो. साडी नको, सलवार-कुर्ता घाल. नाक चिमटीत धर, तोंड मिट, गुडघे वाकव. पेंच धरणाचं पाणी सोडलंय का ते आदल्या दिवशी विचारून घे. मी येईन, पण काठावर उभा राहीन. छत्री घेऊन. जादा पायजमा बरोबर ठेवतो, सवय म्हणून.

काळजीत असलेला
सुमंत

*

कन्हान
२८ नोव्हेंबर

चि. सुमंतास आशीर्वाद, आणि सर्दीला सुंठ.

तुझा नदीतला फोटो कमिटीच्या ग्रुपवर कोणी टाकला ते मला खरंच माहीत नाही. प्रेमिलाबाई असतील. कमिटीने खुलासा मागितलाय आणि तुला साक्षीदाराची हकीकत हवी आहे, तर घे. सगळं खरं लिहिते.

मी गुडघाभर पाण्यात गेले आणि पाय रोवले ते रोवलेच. पास्टर अंकुशांची कॉलर मी सोडेना. ते म्हणाले, मावशी, सोडा, मी पडेन. मी म्हटलं, पडा, पण मला धरून पडा. तेव्हा तू छत्री मिटलीस, प्रेमिलाबाईंकडे दिलीस आणि पांढऱ्या कुर्ता-पायजम्यात सरळ पाण्यात आलास. बाप्तिस्मा घेणारे सगळेच पांढऱ्यात होते, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

ओस्वाल्दो पुढे कमरेभर पाण्यात उभे. त्यांना मराठी येत नाही आणि दुभाष्या काठावर पोहे खात होता. त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं, की एक वयस्क माणूस फार घाबरणार आहे, त्याला घट्ट धरा. तू माझ्याकडे हात केलास, तो त्यांनी धरला. तू नाही नाही म्हणालास, त्यांनी प्रेमाने पाठ थोपटली. तू जोरात नाही म्हणालास, त्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि तुला पुरता बुडवला.

वर आल्यावर तू अस्सल कन्हानच्या भाषेत न थांबता जे बोललास, ते ऐकून त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं, पवित्र आत्मा तुझ्यावर उतरला आणि तुला अनोळखी भाषा बोलण्याचं दान मिळालं. काठावरचे अर्धे लोक आमेन म्हणाले, उरलेले पोट धरून बसले. तुझं बोलणं कमिटीसाठी लिहायला घेतलं, पण त्यातलं ‘काहून’ एवढंच लिहिण्याजोगं आहे.

मी इतकी हसले की भान राहिलं नाही. बघते तर मीही कमरेभर पाण्यात. तू नाक शिंकरत हात पुढे केलास आणि म्हणालास, चल वं ताई, आता भिजलोच आहे. मी गेले खाली. सुमंत, पाण्याखाली मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. फक्त तुझी बोटं होती.

तेवढं शेवटचं वाक्य कमिटीला वाचून दाखवू नकोस.

कोरडी आणि खुशाल
ताई

*

प्रतापनगर
९ डिसेंबर

ती. ताईस सलाम.

परवा सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, नियम तो नियम, भावाचं आणि बहिणीचं दोघांचंही नाव काढा. मी म्हटलं, काढा, पण मग सगळ्यांचीच काढू. खजिनदारांचा मुलगा मेलबर्नला टबात बाप्तिस्मा घेऊन बसलाय. ते खाली बघू लागले. अश्लेषाबाईंनी आपणहून सांगितलं, की पुण्याची सून गेल्या वर्षीच बुडाली. मग एकेक बोलू लागला. शेवटी अध्यक्षीणबाई गुडघ्यासाठी प्रार्थना करून घ्यायला दर मंगळवारी तुमच्याच हॉलमध्ये येतात असं निघालं, आणि हे अध्यक्षांनाही तेव्हाच कळलं. नियम लावला असता तर चर्चमध्ये चंपतराव तेवढे उरले असते, आणि त्यांना ऐकू येत नाही.

मी त्यांना आजीचं केडगावही सांगितलं. पित्ताचं सांगितलं नाही.

शेवटी तो नियम अभ्यासासाठी ठेवण्याचा ठराव झाला. आपल्या कमिटीत अभ्यासाला ठेवलेलं काय होतं, तुला माहीत आहे. पाण्यातून तू वर आलीस, मीही आलो, हा नियम काही आता वर येत नाही. भाऊजींच्या शेजारची जागा तुझीच आहे. घाई करू नकोस.

नाताळला सकाळी तू आमच्या चर्चमध्ये शांतपणे बस. दुपारी मी तुमच्या हॉलमध्ये येतो. आत येणार नाही, दारापाशी उभा राहून ऐकेन. प्रेमिलाबाईंकडून छत्री घेऊन ठेव. जादा पायजमा मी आणतो, सवय म्हणून.

तुझा, दोनदा भिजलेला
सुमंत