अकरा इंच बर्फ आणि माझा LED

२९ नोव्हेंबर
सेलमध्ये स्नोब्लोअरसाठी, म्हणजे बर्फ उडवायच्या मशीनसाठी, LED वर्क लाइट ऑर्डर केला. जुन्या हॅलोजनचा उजेड देवघरातल्या समईएवढा. यंदा गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे मीच साफ करणार. बर्फ काढायला येणाऱ्या माणसाचं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलं. वीस वर्षं सिस्टिम्स डिझाइन करणाऱ्या माणसाने एवढ्याशा ड्राइव्हवेसाठी बाहेरचा माणूस लावायचा, शोभतं का? नीलांबरी म्हणाली, शोभायचं राहू दे, मला सकाळी साडेसहाला निघायचं असतं. बायकोचा विश्वास हा असा.

संकल्प: १४ जानेवारीच्या आत सगळं टकाटक. त्या पहाटे सावनीची फ्लाइट आहे. सिअ‍ॅटलला फायनल इंटरव्ह्यू. पोरगी आठ महिने घरी बसून अर्ज करतेय, आणि ही एकच कंपनी शेवटपर्यंत आलीय. एअरपोर्टला मीच सोडणार. शब्द दिला.

७ डिसेंबर
LED बसवला. दोन वायरी, दोन मिनिटांचं काम. (साडेतीन तास लागले, पण त्यात स्क्रूड्रायव्हर शोधणं आलं.) इंजिन सुरू केलं आणि लागला! फक्त फडफडतो. नवीन आहे, रुळेल.

८ डिसेंबर
अजून रुळला नाही.

सासरे, गुरुनाथबाबा, ऑक्टोबरमध्ये नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेत. वीज मंडळात छत्तीस वर्षं लाइनमन. चहा पिताना हळूच म्हणाले, जावईबापू, इंजिनाच्या कॉइलमधून AC येतो, LED ला DC लागतो, मधे AC चा DC करणारा रेक्टिफायर टाकावा लागेल. मी समजावलं, की बाबा, AC भिंतीत असतो, मशीनमध्ये DC. शाळेत शिकवतात हे. आवाज जरा चढला असेल. लगेच म्हणाले, तुमचं बरोबर असेल जी. पटलं त्यांना. जावयाला उलटं बोलायचं नाही, हा त्या घरचा संस्कार मला फार आवडतो.

मग त्यांची नेहमीची गोष्ट झाली. खांबावर चढायच्या आधी खाली फ्यूज काढून तिथे पाटी टांगायचे: माणूस कामावर आहे. एकदा कुणा साहेबाने पाटी न वाचता फ्यूज परत बसवला, तेव्हापासून बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. सहाव्यांदा ऐकली.

२१ डिसेंबर
LED जळाला. फुल थ्रॉटल दिल्यावर फट्ट आवाज आला. माल चायनाचा, दुसरं काय. वन स्टार रिव्ह्यू दिला, साडेतीनशे शब्दांचा. दुसरा ऑर्डर केला.

४ जानेवारी
दुसराही फडफडतो. चालेल. डोळ्यांना सवय होते.

११ जानेवारी, शनिवार
आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका हॉलमध्ये तिळगूळ वाटत होत्या, मी पुरुषमंडळींना डेमो द्यायला गॅरेजमध्ये नेलं. LED फडफडायला लागल्यावर कुणीतरी विचारलं, डिस्को आहे का? मी वेळ मारून नेली. म्हटलं, घरात इलेक्ट्रिशियन आहेत, पण हे काम जमिनीवरचं आहे ना यार, आमच्या बाबांना खांब लागतो! काय हशा पिकला. बाबाही हसले. सावनी हसली नाही. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना मराठी विनोद कळत नाही.

१२ जानेवारी
बाबा दिवसभर गॅरेजमध्ये आमचा जुना, मेलेला प्रिंटर खोलून बसले होते. सावनी टॉर्च धरून शेजारी. म्हटलं बसू दे, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा.

संध्याकाळी सहज इंजिन सुरू केलं, तर LED जराही फडफडेना! पांढराशुभ्र, स्थिर उजेड, थेट डेलच्या, म्हणजे समोरच्या शेजाऱ्याच्या, दारापर्यंत. सकाळी मी एक स्क्रू टाइट केला होता. तोच. अनुभव दुकानात मिळत नाही. व्हिडिओ काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस अंगठे. बाबांना दाखवला. मान डोलावून म्हणाले, छान झालं जी. सावनी उठून वर निघून गेली. इंटरव्ह्यूचं टेन्शन.

१३ जानेवारी
आज रात्री अकरा इंच बर्फ सांगितलंय. येऊ दे.

वायरिंग नीट लावायला घेतलं. LED च्या मागे टेपमध्ये गुंडाळलेला एक काळा चौकोनी ठोकळा सापडला. चार पाय. जुन्या हॅलोजनचा काहीतरी अवशेष असणार. ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांना मी हेच तर शिकवतो: ज्याचा उपयोग समजत नाही तो डेड कोड, बेधडक डिलीट करा. कापला, वायरी सरळ जोडल्या, ठोकळा कचऱ्यात. वायरिंग कसं स्वच्छ दिसतंय! टेस्ट केलं नाही. गरजच नाही, नवीन काही टाकलेलंच नाही, फक्त काढलंय.

सावनीने इंग्लिशमध्ये विचारलं, की डॅड, बॅकअप म्हणून आधीच्या माणसाला बोलवायचं का? म्हटलं, बाळा, मी आहे ना.

१४ जानेवारी, पहाटे ४:३०
अकरा नाही, बारा इंच. फ्लाइट ६:५० ची. पाचला निघू. चहा झाला. मूड उत्तम.

४:४५
LED फडफडतोय. थंडीने.

४:५०
फट्ट. मिट्ट काळोख.

४:५५
डेल आपलं मशीन घेऊन आला होता. मदत हवी का विचारलं. अंडर कंट्रोल म्हणून हसून परत पाठवलं. बाबा मफलर गुंडाळून टॉर्च घेऊन आले, म्हणाले मी पुढे उजेड धरतो. म्हटलं, बाबा, घसरून पडाल, मग तुम्हाला हॉस्पिटलात कोण नेणार? आत पाठवलं. ड्राइव्हवे माझ्या पायाखालचा आहे, मला दिव्याची गरज नाही.

५:१५
ड्राइव्हवेच्या कडेने दिवाळीतली लाइटची माळ होती. नीलांबरी डिसेंबरपासून काढ म्हणत होती. सगळे देशी लोक मार्चपर्यंत ठेवतात. मशीनने माळ गिळली. सबंध. इंजिन बंद.

५:५०
डेलला पुन्हा बोलवावं लागलं. नीलांबरी गेली बोलवायला, माझी हाक त्याला ऐकू गेली नसती. तो आणि सावनी फावड्याने रस्ता करतायत. सावनी इंटरव्ह्यूच्या कोटात.

७:१०
गेट बंद. विमान वेळेवर सुटलं. बारा इंच बर्फात एक तरी फ्लाइट लेट करायची होती ना! परतताना गाडीत सावनीला म्हटलं, अनुभव मिळाला.

दुपारी बाबा गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होते. वय झालं. नंतर ते आणि डेल माळ सोडवत बसले. एकमेकांची भाषा येत नाही तरी दोघं तासभर हसत होते. कशाला, कळलं नाही.

१५ जानेवारी
तिसरा LED ऑर्डर केला. कंपनीने सावनीला सांगितलं, की प्रत्यक्ष आलेल्या दोघांना प्राधान्य आहे, पण परवा व्हिडिओवर अर्धा तास देऊ. बघा! सगळं ठीक होतं शेवटी.

१७ जानेवारी
इंटरव्ह्यू झाला. दाराबाहेरून दोनदा जोरात हशा ऐकू आला. माझा विनोदी स्वभाव तिच्यात उतरलाय.

१ फेब्रुवारी
नोकरी मिळाली!! ग्रुपवर पेढे टाकले.

जेवताना मी म्हटलं, फ्लाइट चुकली म्हणूनच मिळाली, म्हणजे एका अर्थी माझ्यामुळे. सावनी म्हणाली, खरंच तुझ्यामुळे. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं होतं, की न समजलेली गोष्ट कुणी काढून टाकल्यामुळे मोडलेलं काम सांगा. तिने गॅरेजमधली सगळी गोष्ट सांगितली. तो ठोकळा म्हणजे रेक्टिफायर. आजोबांनी प्रिंटरमधून काढून बसवला होता, टॉर्च तिने धरला होता. मला सांगायचं नाही, अशी आजोबांनी शपथ घातली होती, जावयाचा मान जातो म्हणून. आणि त्या मानापायी ती पहाटे साडेपाचला गप्प राहून बर्फ उपसत होती. हे सांगताना तिने माझी नक्कल केली. अनुभव मिळाला, हुबेहूब. नीलांबरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग हसायचं थांबलं तरी पाणी थांबेना.

बाबा एकटे हसले नाहीत. ताट सोडून म्हणाले, वडिलांबद्दल असं बोलू नये बेटा.

२ फेब्रुवारी
रात्रभर डोक्यात तेच. सकाळी बाबांना एकट्यात विचारलं, ठोकळा खरंच तुमचा होता का? म्हणाले, पोरगी लहान आहे, काहीतरी बोलते. तुमचाच एखादा स्क्रू लूज असेल जी.

हुश्श. वाटलंच होतं. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना, ते खोटं कशाला बोलतील?

२२ फेब्रुवारी
बाबांनी तिकीट दोन महिने अलीकडे घेतलं. उन्हाळ्याआधी कूलर नीट करायचाय म्हणे. थंडी मानवली नसेल. नीलांबरी नागपूरपर्यंत सोडायला गेली, एप्रिलपर्यंत तिकडेच राहीन म्हणाली. सावनी मागच्याच आठवड्यात सिअ‍ॅटलला गेली. एअरपोर्टला डेलने सोडलं.

तिसरा LED खोक्यातच आहे. मूड नाही.

१७ मार्च, पहाटे ५:००
चार इंच. झोप लागत नव्हती, म्हणून गॅरेज उघडलं. मशीनची दोरी ओढली. LED लागला. पांढरा, स्थिर. मी तर बसवलाच नव्हता! खोकं पाहिलं, रिकामं.

इंजिन बंद करून मागे हात घातला. काळा ठोकळा जागेवर. नवीन टेप, एकसारखे वेढे. त्याला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पाटी, आणि तिच्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात: काढू नये.

दोन वाकड्या बोटांनी ही गाठ कशी मारली असेल, कोण जाणे. लाज वाटली. खूप.

नागपूरला दुपार होती. फोन लावला. माफ करा म्हणायचं, एवढं एकच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, लाइट लागला का जी? माझ्या तोंडून निघालं, लागला, एक स्क्रू लूज होता. ते म्हणाले, हो जी, तोच असेल.

५:४०
ड्राइव्हवे रस्त्यापर्यंत साफ. वीस मिनिटं लागली. आज कुणालाच कुठे जायचं नाहीये.