आमची चूल पेटती ठेव

प्रिय आईस,

लखनचा रामराम. आम्ही ऊसतोडीवर बरे आहोत. रविनाचे पाय सुजतात, पण जेवते नीट. तुझा खोकला कमी झाला का?

शेजारचा शिवाजी फोनवर हसत म्हणाला, "पाड्यात घरं वाढली रे, पण तुझ्या घरात कोंबड्याच राहतात! घरकुलासाठी मोजणीवाले येणार, रिकामं लिहितील." जेठ्याकाकाचं घर तसंच रिकामं लिहिलं आणि त्याचं घरकुल गेलं. मुकादम आम्हाला सोडत नाही.

आई, हात जोडतो. रोज सकाळी आमच्या घरात चूल पेटव. छपरातून धूर दिसू दे. विचारलं तर सांग, सून पाण्याला गेली आहे. तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे. एवढं एकदा बोल.

घरकुल गेलं तर होणारं बाळ घेऊन आम्ही दुसरीकडे कुठे जाणार?

तुझाच,
लखन