संडासाच्या टाकीवरची फरशी

देऊळघाट, बुधवार संध्याकाळ

आज अंगणात मिरच्या वाळत घालताना सासूबाईंचा पाय संडासाच्या टाकीवरच्या फरशीतून गुडघ्यापर्यंत आत गेला. मी दंडाला धरून वर ओढलं. खरचटलं फक्त. पण मी शेजारी नसते तर?

हे म्हणाले, "फरशी बदलू अन् टाकी तपासून घेऊ. लगेच नवीन टाकी काऊन पाहिजे?" मी वरून बॅटरी मारून दाखवली. आतल्या विटा सुटल्यात, आणि विहीर तर लागूनच. तरी ह्यांचं "पाहू, पाहू" चालूच.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू पाह्यत बस. माह्या पायाखाली काहीच नव्हतं रे."

मग ह्यांनी उठून गवंड्याला फोन लावला, नवीनच टाकी बांधायची म्हणून.