समितीला सांगितलेलं एक वाक्य

प्रिय हेमांगी,

फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. हॅलो म्हटलं की पुढचं सगळं-बठ्ठं पोटातच राहतं. म्हणून लिहिते. नववीनंतर पेन धरला नाही, अक्षराला हसू नको. आणि हे तुझ्या त्या नव्या मैत्रिणीला, प्रियलला, वाचून दाखवू नको.

आई आणि मी अजून टोलनाक्यावरच केळीचे वेफर्स विकतो. तुम्ही जळगावला राहायला गेले तरी तू दर रविवारी यायचीस, तुझ्या प्रेमराजभाऊच्या गाडीत. मला पुढं बसवून भाऊ गावापर्यंत चक्कर मारायचा. मग टोल वाढला. तू म्हणालीस, जाता-येता टोलच एवढा लागतो की भाऊ नाही म्हणतो गं. मला पटलं. तेव्हापासून मी टोलवाल्यांना रोज मनात शिव्या द्यायचे.

मंगळवारी दिल्लीहून खासदारांची समिती आली, एवढा टोल का घेता ते नाक्याच्या साहेबांना विचारायला. रांग दिसू नये म्हणून साहेबांनी सकाळपासूनच गाड्या फुकट सोडल्या. मग काय, आपल्या गावाची जत्राच! तक्रार करणारे बठ्ठे फुकटात धुळ्याला फिरायला गेले. चिंधाआबा तर म्हणे, सासरवाडीला जाऊन येतो, चाळीस वर्षांत गेलो नाही. नाक्यावर आम्हीच उरलो. साहेब म्हणाले, कोणाची तक्रारच नाही मॅडम. तशा एक खासदार बाई सरळ आमच्या वेफर्सच्या हातगाडीपाशी आल्या, माईक माझ्या तोंडापुढं. मी पुड्या मोजायला लागले. आईनं कोपर मारलं, “बोल ना वं पोर, घरमा तं भलती बोलस!”

मी बोलले. म्हटलं, माझी मैत्रीण टोलमुळे येत नाही. एवढंच. बाईंनी साहेबांना विचारलं, याचं काय उत्तर आहे तुमच्याकडे? साहेब म्हणाले, लेखी कळवतो मॅडम. मला वाटलं, आज तुझ्यासाठी मी दिल्लीला भिडले.

तेवढ्यात तुमची गाडी आली. पुढं प्रियल. गळ्यात तुझी निळी ओढणी, मी मागितली तर दिली नव्हतीस ती. तू मागून तिच्या केसांना क्लिप लावत होतीस. माझ्याकडं बघितलंस. मग काच वर केलीस.

टोल नव्हता गं त्या दिवशी.

ती कॉलेजात जाते, तिच्या पप्पांचं कापडाचं दुकान आहे, बठ्ठं मान्य. पण तुला कावीळ झाली तेव्हा उशाशी कोण होतं? तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटतं.

आता शुक्रवारी ग्रामपंचायतीत माझं बोलणं टाइप होऊन येणार. मी सही केली की ते दिल्लीला जाणार आणि साहेबांना लेखी उत्तर द्यावं लागणार. मला खोट्यावर सही करायची नाही. म्हणून विचारते, टोल नसता तर तू आली असतीस का? हो असेल तर सही करते. नसेल तर तेवढं खोडायला लावते, साहेब सुटू देत. शुक्रवारच्या आत सांग. तिला न विचारता सांग.

अजून तरी तुझीच,
पुनम