सात नंबरची कूस

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

आज सकाळी उजाडायच्या आत पवनेवर जाऊन आंघोळ केली. पाणी गार होते, पण मन प्रसन्न होते. चिंचवडच्या गणपतीचे दर्शन घेतले, धुतलेली टोपी घातली आणि आठाच्या आधी रुग्णनिवासाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. एकोणपन्नासाव्या वर्षी नवी नोकरी, म्हणून ही रोजनिशीही नवी. गावच्या शाळेत मास्तर सांगत, दिवसभर केलेले निजण्यापूर्वी लिहून काढावे, म्हणजे स्वतःशी खोटे बोलता येत नाही.

रुग्णनिवास म्हणजे लढाईच्या वेळची लांब पत्र्याची बराक. ज्यांना उठता येत नाही आणि ज्यांच्यामागे कोणी नाही, अशांसाठी पुण्यातल्या काही सज्जनांनी ती चालवली आहे. पुरुषांकडे अठरा खाटा. दिवसपाळीला आम्ही दोन सेवक, मी आणि बबनराव. बबनराव इथल्याच गावचे, जमीन कारखान्यात गेली म्हणून इकडे आलेले. वरच्या जागी विमलबाई परिचारिका. त्यांनी माझा अनुभव विचारला. मी सांगितले, बायको दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती, तिचे सगळे मीच केले, आणि शेवटपर्यंत तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाल्या, एवढे प्रमाणपत्र पुरे.

भिंतीवर नव्या सरकारी कायद्याखालचे नियम छापून लावले आहेत. मी दोनदा वाचले. हात लावण्यापूर्वी रोग्याला सांगावे. उठता न येणाऱ्याची कूस दर दोन तासांनी दोघांनी मिळून बदलावी. बदलल्यानंतर वहीत खाट, वेळ आणि कूस लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कातडी लाल दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वहीत खाडाखोड करू नये. वाचून बरे वाटले. ज्याने हे लिहिले, त्याने कधीतरी कोणाचे तरी हातांनी केले असणार.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आता सगळी माणसे ओळखीची झाली. सात नंबरच्या खाटेवर दत्तोबा आहेत. चिंचवड स्टेशनावर तीस वर्षे टांगा हाकला. तोच टांगा उलटून कमरेखालचे अंग गेले. जीभ मात्र शाबूत आहे. आम्ही कूस बदलायला वाकलो की घोड्याला करतात तसा टाळूला जीभ लावून 'च्यक्, च्यक्' असा आवाज करतात आणि स्वतःलाच सांगतात, 'चल रं राजा, वळ.'

आज बबनरावांना म्हणाले, 'बबन्या, माज्या घोड्याला मी यापरीस बरा हात लावत हुतो.' बबनरावांनी लगेच ऐकवले, 'तुजा घोडा निदान लाथ तरी मारायचा. तुज्याच्यानं तेवढंबी हुईना.' मला ते ऐकून कसेसेच झाले, पण दत्तोबा खाट हलेपर्यंत हसले. मागून कळले, दोघे एकाच आळीत वाढलेले.

दत्तोबांना लिहिता-वाचता येत नाही. दाखल झाले तेव्हाचा त्यांचा अंगठा वहीच्या पहिल्या पानावर आहे. उजवा अंगठा, मधोमध लगामाने कापल्याचा आडवा वण. तो शाईतही उमटला आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होतो. लिहितो.

अठरा खाटांचा एक फेरा पुरा करायला दीड तास लागतो. त्यातच भरवणे, पुसणे, चादरी. बबनराव सकाळच्या चहाबरोबरच दिवसभराच्या सह्या करून टाकतात. आठ, डावी. दहा, उजवी. बारा, डावी. असे संध्याकाळच्या सहापर्यंत. मी पहिल्या दिवशीच नाही म्हणालो होतो. ते रागावले नाहीत. दुखऱ्या कमरेचा पट्टा दाखवून म्हणाले, 'नियम बराबर हाय, सोपानराव. पन लिवणाऱ्यानं आमच्या खाटा मोजल्या न्हाईत.' विमलबाईंनी तिसरा माणूस मागितल्याला सहा महिने झाले म्हणे. उत्तर नाही.

आज मी सह्या केल्या. फेरे मात्र बहुतेक पुरे केले.

बहुतेक.

दुपारी दोनचा फेरा राहिला तेव्हा दत्तोबांची माफी मागितली. त्यांनी वहीकडे मान वळवली आणि म्हणाले, 'तुमी लिवलंय न्हवं? मंग मी वळलोच आसन.'

मंगळवार, १९ नोव्हेंबर

काल हिला जाऊन दोन वर्षे झाली. देहूला जाऊन हिच्या नावाने इंद्रायणीत फुले सोडावीत, अशी फार इच्छा होती. बबनराव म्हणाले, जा, मी बघतो. सकाळी आठचा फेरा केला, दिवसाच्या सगळ्या सह्या केल्या आणि निघालो.

परवाच दत्तोबांच्या डाव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग पाहिला होता. डॉक्टरांना कळवले नाही. कळवले असते तर त्यांनी फेरे कसे होतात ते विचारले असते.

देवळात बराच वेळ बसलो. मन शांत झाले, असे तेव्हा वाटले. संध्याकाळी परत आलो तर दत्तोबा सकाळी ठेवले तसेच डाव्या कुशीवर. बबनरावांना एकट्याने उचलले गेले नव्हते. मी दत्तोबांना प्रसाद दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि देवळात गर्दी होती का, ते विचारले. चादर काढली तेव्हा डागाची कातडी चादरीबरोबर आली.

वहीत माझ्याच अक्षरात होते: दोन वाजता, उजवी.

हिच्या पाठीला कधी जखम झाली नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगत होतो?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

दत्तोबा गेले. सकाळी पावणेदहाला.

जखम हाडापर्यंत गेली होती, चार दिवस तापात होते. शुक्रवारी डॉक्टर आले, वही मागवली. सगळे फेरे पुरे दिसले. म्हणाले, तुम्ही तरी आणखी काय करणार, वयच झाले. बबनरावांनी खाली पाहिले. मीही.

आजच्या सह्या आठ वाजताच झाल्या होत्या. दहा, बारा, दोन, चार, सहा. मेलेल्या माणसाच्या. खोडाव्यात म्हटले, तर बबनराव म्हणाले, खाडाखोड दिसली की मागचं सगळं उकरतील.

दत्तोबांचा लांबचा पुतण्या तळेगावाहून यायचा होता, म्हणून देह खाटेवरच चादर घालून ठेवला. उताणा. मी स्वतः ठेवला.

दहा वाजून गेल्यावर पाहिले, तर उजव्या कुशीवर होता. वाटले, बबनरावांनी केले असेल. बारानंतर डाव्या. मी विचारायला गेलो, त्याआधी त्यांनीच मला विचारले, 'तुमी कशापायी वळवताय त्याला? आता तरी निवांत पडू द्या.'

दोन वाजता मी खाटेसमोर उभा राहिलो. भरदिवसा, पत्र्याच्या फटीतून ऊन पडलेले. घड्याळाचा दुसरा ठोका पडला. चादर खांद्यापाशी थोडी उचलली गेली. हळूहळू, दमलेला माणूस वळतो तशी.

आणि आतून आवाज आला. च्यक्.

सोमवार, २ डिसेंबर

बबनरावांनी त्याबद्दल बोलायचे नाही असे सांगितले आहे. स्वतः मात्र मित्रासाठी रडतात. आज चूल फुंकताना धूर झाला म्हणाले. चूल विझलेली होती.

सात नंबर रिकामी आहे. नामस्मरणात मन लागत नाही. दत्तोबांचे ते वाक्य मधेच येते. मी लिहिले म्हणून वळले. जिवंतपणी वळता येत नव्हते, तेव्हा आम्ही वळवले नाही. आता माझे लिहिणे खोटे पडू नये म्हणून ते एकटे वळतात का?

सोमवार, ९ डिसेंबर

बबनरावांच्या पुतणीचे लग्न आहे, ते शुक्रवारपर्यंत नाहीत. बदली माणूस मिळाला नाही. जाताना त्यांनी पूर्ण आठवड्याची पाने आखून सह्या केल्या. मीही मुकाट्याने खाली सह्या करत गेलो. शेवटी लक्षात आले, ओघात सात नंबरच्याही भरल्या. रिकाम्या खाटेच्या. आठ डावी, दहा उजवी, बारा डावी, शनिवारपर्यंत.

बबनराव म्हणाले, रिकामी हाय, कुनाला लागतंय.

दहा वाजता सात नंबरची गादी उजवीकडे दबली. माणसाएवढी.

मंगळवार, १० डिसेंबर

तीन वाजता नवा रोगी आला. रंगराव, बार्शीकडचे गवंडी. पिंपरीला नव्या इमारतीच्या बांबूच्या परांचीवरून पडले. वाचा गेली आहे, डाव्या मांडीचे हाड मोडले आहे. डॉक्टरांनी मला दोनदा बजावले: तीन आठवडे डाव्या कुशीवर अजिबात नाही. हाड सरकले तर माणूस हातचा जाईल.

रिकामी खाट एकच. सात.

मी वही उघडली. मंगळवार, चार वाजता. डावी. दोन सह्या. एक माझी.

चार वाजले. मी त्यांचा खांदा धरून बसलो होतो. पलीकडून खेच आली. जोराची नव्हे, समजूतदार. रोज हेच काम करणाऱ्या हातांची. च्यक्, च्यक्. रंगराव वळले. त्यांना ओरडता येत नाही. तोंड उघडले आणि नुसते डोळे —

उताणे केले. सहाला उजवी होती. ती सोसली.

बुधवार, ११ डिसेंबर

आठ. डावी. मी अंगावर पडून धरले. उपयोग नाही.

जमिनीवर अंथरूण घातले. बाराला खाट करकरली, मग जमिनीवर आले. माझ्या मनगटाला गार लागले. हात ओळखीचा.

दुसऱ्या कोणाला सातवर ठेवावे? पण जमिनीवर आले ते रंगरावांमागे दुसऱ्या खाटेपाशीही येतील.

दत्तोबांना हात जोडले. म्हणालो, हा माणूस तुमच्यासारखाच पडला आहे, याला सोडा. चारला पुन्हा. त्यांना वाचता येत नाही. आम्ही काय लिहिले एवढेच त्यांना ठाऊक. ते आमचेच काम करत आहेत.

रंगरावांच्या मांडीवर सूज. डॉक्टर उद्या साडेतीनला यायचे आहेत. उद्या आठ. उद्या बारा. उद्या चार.

गुरुवार, १२ डिसेंबर

आठच्या वेळी त्यांनी माझा सदरा धरला. सोडवेना.

बारा. हाड कातडीखाली दिसते.

विमलबाईंना सगळे सांगितले. सह्या, लाल डाग, देहू. त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, नोकरी जाईल, सोपानराव, कदाचित खटलाही होईल. मी म्हणालो, व्हावा. मग त्या म्हणाल्या, सह्या कधी होतात ते मलाही ठाऊक होते. माझेही नाव घाला.

दीड ते साडेतीन. झाले. तेरा नोव्हेंबरपासून प्रत्येक खोट्या ओळीवर लाल रेघ, शेजारी 'कूस बदलली नाही' आणि माझी पूर्ण सही. या आठवड्याचीही सगळी पाने. दत्तोबांच्या ओळी शेवटी घेतल्या. अठरा नोव्हेंबरला लिहिले: दिवसभर डाव्या कुशीवर ठेवले. सेवक देहूला गेला होता. सव्वीसला लिहिले: रुग्ण वारला होता. अक्षर वाचता येईल असे काढले.

वही डॉक्टरांच्या हातात दिली. ते वाचत वाचत खाली बसले. वर पाठवावी लागेल म्हणाले. मी म्हणालो, त्यासाठीच दिली. ते विमलबाईंच्या खोलीत गेले.

चार. ठोके मोजले. सात नंबरवर काही हलले नाही. चादर नाही, गादी नाही. रंगराव माझ्याकडे बघत राहिले. दत्तोबा सुटले, असे वाटले आणि रडू कोसळले.

आता खरा फेरा. किंचित उजवीकडे, डॉक्टर तेवढे चालेल म्हणाले आहेत. दोघांनी मिळून, असा नियम. माझ्याजवळ कोणी नव्हते. रंगरावांना सांगितले, हात लावतो. त्यांनी पापण्या मिटल्या. एक म्हणालो. दोन —

वजन निम्मे झाले.

पलीकडून. मोडक्या मांडीखाली हात घालून. किती जपून. रंगरावांना कळलेही नाही.

कोऱ्या वहीत लिहिले आहे. खाट सात, चार वाजता, उजवी. बदलल्यानंतर लिहिले. खाली माझी सही. दुसऱ्या सहीची जागा मोकळी सोडली होती, देवाशपथ मोकळी —

शाई ओली आहे. अंगठा. मधोमध आडवा —