गंगी माझी सूनच, आणि गिरणी तिची

॥ कणसरी माता प्रसन्न ॥

मी, चंद्रिका चिमण घाटाळ, वय एकसष्ट, धंदा घरकाम, मॅट्रिक पास, राहणार वेवजी, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरत नाही त्यांनी माझ्यासमोर बसून एक बेरीज करून दाखवावी. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला एकजण उंबऱ्यावर येऊन बसत होते, त्यांचं नाव पुढे येईलच.

हा कागद साधा आहे, कारण मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं. डहाणूला कोर्टाबाहेर एक मध्यस्थ म्हणत होता, “मावशी, पाचशेचा स्टँप घ्या, नाहीतर चालणार नाही.” त्याला म्हटलं, “तुझ्या मृत्युपत्राला लाव.”

१. माझे पती डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या फंडातून मी पिठाची गिरणी घेतली. जागेची घरपट्टी, विजेचा मीटर, पंचायतीचा ना-हरकत दाखला, सगळं माझ्या नावे आहे. यात वडिलोपार्जित एक खिळासुद्धा नाही. गिरणी माझा मुलगा मनिष चालवायचा. तो हायवेवर अपघातात गेला. तेव्हापासून त्याची बायको गंगी चालवते.

२. ‘बायको’ या शब्दाला माझे दीर सुदाम यांची हरकत आहे. मनिष आणि गंगी आमच्या पाड्यातल्या रीतीने आधी एकत्र राहू लागले. मांडव ऐपत झाली की घालायचा होता. त्याआधीच मनिष गेला. त्यावर सुदामभाऊंनी पंचायतीत अर्ज दिला की, गंगी ही घरकामाला ठेवलेली बाई आहे, लग्नाचा पुरावा नाही, तिची मुलगी जानी हिचाही हक्क नाही, सबब माझ्यामागे वारस तेच. कामाला ठेवलेली बाई पगार मागते. गंगीने इतक्या वर्षांत साधी सुट्टी मागितली नाही.

अर्ज देऊन झाल्यावर ते आमच्या उंबऱ्यावर बसायला लागले. “वहिनी, हिच्या लग्नाचा एक फोटो दाखवा, मी उठतो.”

गंगी आतून म्हणाली, “काका, आधी उठा. मला केर काढायचा आहे.”

माझं उत्तर कलम ५ मध्ये आहे.

३. गिरणी जागेसह, मोटारीसह, वजनकाट्यासह, आणि राहतं घर, जे माझ्याच नावे आहे, हे सर्व मी माझी सून गंगी मनिष घाटाळ हिला देते. ‘सून’ हा शब्द मी समजून लिहिला आहे, कोणी खोडू नये. उद्या गंगीने दुसरा नवरा करून दुसरं घर केलं तरी गिरणी तिचीच. तिच्यानंतर जानीची. नाचणीमागून तांदूळ घालताना पहिलं मूठभर पीठ बाजूला काढावं, ते गिऱ्हाइकाच्या डब्यात लोटू नये. सकाळी बटण दाबण्याआधी कणसरीला दिवा लावावा. वात एकच, दोन लावल्याने देवीला जास्त दिसत नाही.

४. पोस्टाच्या खात्यावर गंगी नॉमिनी आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावलं. म्हणून इथे पुन्हा लिहिते: ते पैसेही गंगीचेच. माझ्या दिवसकार्यावर त्यातलं फार उडवू नये. जे मला भेटायला आले नाहीत ते जेवायला येतील.

५. दीर सुदाम यांना मी एक फोटो देते. तो माझ्या देवघराशेजारी लावलेला आहे. फोटो त्यांच्याच लग्नाचा. बाशिंग बांधून सुदामभाऊ उभे आहेत, आणि शेजारी त्यांचा मुलगा प्रविण, तोही बाशिंग बांधून. एकाच मांडवात, एकाच धवळेरीने लग्नाची गाणी म्हणत आधी बापाचं लग्न लावलं, मग मुलाचं. नवरी झालेल्या पुतळीच्या, म्हणजे प्रविणच्या आईच्या, मांडीवर प्रविणचा मुलगा आहे, म्हणजे नवरदेवाचा नातू. दोन्ही नवरदेवांना हळद मीच लावली होती. त्या दिवसापर्यंत पुतळी त्यांच्या घरात कामाला ठेवलेली होती काय, हे त्यांनी फोटोकडे बघून ठरवावं. फ्रेम मी करून घेतली आहे, काच पुसून वापरावी.

६. यावरही समाधान झालं नाही तर त्यांनी कोर्टात जावं. तिथे साक्षीदाराला बोलावतात. म्हणून साक्षीदार मी विचार करून निवडले आहेत.

मी दोघांसमोर सही केली, दोघांनी माझ्यासमोर आपापली निशाणी केली. पहिल्या साक्षीदाराला सगळा मजकूर वाचून दाखवला. कलम ५ तिने दोनदा वाचायला लावलं. “बाई,” ती म्हणाली, “शाई जरा जास्त लावा. अंगठा नीट उठू दे. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.”

ठिकाण : वेवजी
तारीख : १२ मार्च २०१८

सही : चंद्रिका चिमण घाटाळ

साक्षीदार
१. पुतळी सुदाम घाटाळ, माझी जाऊ, दीर सुदाम यांची पत्नी : डाव्या हाताचा अंगठा
२. लाहू बारक्या वरठा, शेजारी : सही